नातवंडांची पुस्तकं कुठे ठेवावी?

आमची नातवंडं शाळेत न जाता घरीच शिकतात. त्याला शिक्षण खात्याची परवानगी लागते. साहजिकच घरभर पुस्तकं! मराठी पुस्तकं मी जिवापाड जपून वरच्या कपाटात ठेवली, तर तिथे त्यांना कसर लागली. वाचली कोणीच नाहीत. आता ती खालच्या फळीवर, हिब्रूच्या शेजारी, मुलांच्या हाताशी आहेत. अश्दोदची हवा दमट, म्हणून भिंतीपासून चार बोटं दूर. फाटलेला सिद्दूर मात्र कचऱ्यात टाकत नाही, गेनिझात देतो.

धाकटी हिब्रूच्या सवयीने मराठी पुस्तक शेवटच्या पानापासून उघडते. म्हणून मुखपृष्ठावर लाल पट्टी चिकटवली: सुरुवात इथून. काल आपणहून एक घेऊन आली. म्हणाली, "आजी, वाच ना!"