चेसिस नंबरांची वही

उद्यमनगरातल्या आमच्या मिस्त्रींनी गेल्या महिन्यात गॅरेजचं शटर ओढलं ते कायमचंच. गुडघ्यांनी साथ सोडली आणि मुलाला ऑइलमध्ये हात घालायची इच्छा नाही. भेटायला गेलो तेव्हा त्यांनी मळक्या फडक्यात गुंडाळलेली एक दोनशेपानी वही माझ्या हातात ठेवली. ती घेऊन घरी आल्यापासून माझं डोकं शांत नाही.

मोठ्या गाडीचं वेड कोल्हापूरला नवं नाही. दसऱ्याला संस्थानची मेबॅक दसरा चौकात येते, तेव्हा पोरं झाडांवर चढून बघतात. पुढं ॲम्बॅसिडर, फियाट, कॉन्टेसा आल्या. त्यांच्यावर पुष्कळांनी लिहिलं आहे, मला त्यात फारसा रस नाही. १९९५ साली पिंपरीत मर्सिडीजची जोडणी सुरू झाली, पण त्या गाड्या उभ्या राहायच्या त्या कारखानदारांच्या दारात. आमच्यासारख्यांनी रस्त्याच्या कडेला थांबून बघायचं.

माझा काळ २००९ ते २०१९. त्या दहा वर्षांत मुंबई पासिंगच्या सेडान गाड्या घाट चढून वर आल्या. सात-आठ वर्षं जुन्या, कातडी सीट, लाकडी पट्ट्या, आणि किंमत नव्या छोट्या गाडीएवढी. मीही २०१० साली एक घेतली. एजंटानं चावी दिली, मालकी बदलाच्या टीटी फॉर्मवर सह्या घेतल्या. सर्व्हिस बुक मागितलं तर म्हणाला, "सर, मुंबईच्या पावसात भिजलं."

आठवड्यानं गाडी मिस्त्रींकडं नेली. त्यांनी चावी फिरवली आणि मीटरकडं टक लावून बघत राहिले. परत फिरवली. "दादा, एअरबॅगचा दिवा लागतच नाही बघा." मला बरंच वाटलं, दिवा नाही म्हणजे दोष नाही. त्यांनी मान हलवली. चावी फिरवली की तो दिवा काही सेकंद लागून विझलाच पाहिजे. त्यांनी मीटर खोलला. दिव्याची जागा रिकामी होती, कुणीतरी बल्ब काढून घेतला होता. आतला बिघाड दुरुस्त करण्यापेक्षा तो सांगणारा दिवाच काढणं स्वस्त पडतं. त्या माणसाला मी अजून माफ केलेलं नाही. मागच्या सीटवर माझी सहा वर्षांची मुलगी बसायची.

त्या शेडमध्ये मी किती रविवार काढले असतील! एकदा नव्वदच्या दशकातली एक जर्मन गाडी आली होती. मिस्त्रींनी इंजिनावरची वायर दोन बोटांत धरून हलकेच वाकवली, तर वरचं आवरण वाळल्या पापडासारखं तुटून खाली पडलं. आत तांबं उघडं. इंजिनाची उष्णता वीस वर्षं खाल्लेली ती वायर. त्यांनी अख्खं हार्नेस उतरवलं, फळीवर खिळे ठोकून त्याचा आकार धरला आणि चार दिवसांत नवं विणलं. स्कॅनरवाले आता कोड वाचतात आणि पार्ट मागवतात. असं विणणारा हात मला शहरात दुसरा दिसत नाही.

याच काळात रिकॉल हा शब्द आमच्या कानी पडला. मर्सिडीजच्या ई-क्लासमध्ये २००२ पासून विजेवर चालणारी ब्रेक यंत्रणा होती. कंपनीनं त्यासाठी जगभरात २००४ मध्ये ६ लाख ८० हजार गाड्या परत बोलावल्या. पुढच्या वर्षी ब्रेक आणि इतर इलेक्ट्रिक दोषांसाठी १३ लाख. त्या यंत्रणेचा पंप किती वेळा ब्रेक दाबला ते मोजत असतो आणि ठरलेला आकडा गाठला की इशारा देतो. म्हणजे गाडी तिसऱ्या मालकाकडं येईतो आकडा भरत आलेला. ती यंत्रणा बंद न करता पॅड बदलायला गेलं तर ब्रेक आपोआप आवळून बोटं चिरडू शकतात. मिस्त्रींनी हे कुठून शिकून घेतलं कोण जाणे, पण त्यांच्या पोऱ्याला ते पाठ होतं.

मग ताकाता आलं. या जपानी कंपनीच्या एअरबॅगमध्ये अमोनियम नायट्रेट होतं. वर्षानुवर्षं दमट हवा आणि उष्णता सोसून ते बिघडतं, आणि धडकेच्या वेळी एअरबॅगचं धातूचं कवच फुटून तुकडे माणसाच्या मानेत घुसतात. जगभरात जीव गेले, २०१७ च्या जूनमध्ये ताकातानं दिवाळखोरी जाहीर केली. होंडानं जानेवारी २०१८ मध्ये भारतात अकॉर्ड, सिटी आणि जॅझ मिळून २२,८३४ गाड्या परत बोलावल्या. हा दोष गाडी जुनी होईल तसा वाढतो, आणि आमच्याकडं तर जून ते सप्टेंबर कपाटातल्या चपलांनाही बुरशी येते.

माझ्या गाडीला असंच एक बोलावणं होतं, हे मला दोन वर्षं उशिरा कळलं. भाच्यानं चेसिस नंबर टाकून बघितला म्हणून. पत्र गेलं होतं मुंबईच्या पहिल्या मालकाच्या जुन्या पत्त्यावर. त्या दिवशी मिस्त्रींनी ही वही घातली. येणाऱ्या प्रत्येक गाडीचा १७ अक्षरी नंबर लिहायचा, कुणाच्या तरी मोबाईलवर तपासायचा, काम झालं की टिक.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा ५५ फुटांवर गेली. धोक्याची पातळी ४३. व्हीनस कॉर्नरला पाणी, शाहूपुरीत पाणी. एअरबॅगचं कंट्रोल युनिट बहुतेक गाड्यांत दोन सीटांच्या मधे, अगदी जमिनीलगत असतं. बुडालेल्या गाड्या धुतल्या, वाळवल्या, आत अत्तर मारलं आणि दूरच्या गावी विकल्या. माझं ते दशक तिथंच संपलं.

सरकारनं एप्रिल २०२१ पासून रिकॉल सक्तीचा केला, दंड एक कोटीपर्यंत. मी आनंदानं नियम वाचायला घेतला आणि थबकलो. ही सक्ती सात वर्षांच्या आतल्या गाड्यांनाच. ज्या वयात गाडी आमच्या दारात येते, त्याच वयात कायदा तिचा हात सोडतो. कंपनीनं स्वतःहून बोलावलं तर ठीक. पण पंधरा वर्षं झाली की नोंदणीच्या नूतनीकरणासाठी तेच सरकार तिला बरोबर शोधतं. ६०० रुपयांची फी २०२२ च्या एप्रिलपासून ५,००० केली. मालक बदलल्याची नोंद आरटीओकडं असते, नवा पत्ता असतो. मग कंपनीचं पत्र त्या पत्त्यावर पोचवायला काय अडचण आहे? हे मी पाच वर्षं विचारतो आहे.

वहीत अकरा नंबरांपुढं टिक नाही. काल संध्याकाळपासून फोन लावतो आहे. चौघांनी उचलला. तिघं या आठवड्यात गाडी दाखवतो म्हणाले. चौथ्यानं ती गडहिंग्लजला विकली होती, घेणाऱ्याचा नंबर शोधून कळवतो म्हणाला.