भंगारातून उठलेली विमानं

13 सप्टेंबर 1948 ला सोलापूरकडून आलेल्या भारतीय फौजेने पहिल्याच दिवशी धाराशिव जिल्ह्यातलं नळदुर्ग घेतलं. हैदराबाद संस्थानावरच्या त्या मोहिमेत आपल्या हवाई दलाची टेम्पेस्ट विमानंही होती. आज त्या जातीचं विमान पाहायचं, तर धाराशिवकरांना दिल्लीतलं पालमचं संग्रहालय गाठावं लागतं. लढाईतली विमानं सहसा भट्टीत जातात. जी उरतात, ती कुणीतरी हट्टाने राखलेली असतात.

लिबरेटर या चार इंजिनांच्या बॉम्बफेकी विमानाचंच पाहा. दुसऱ्या महायुद्धात अशी 18 हजारांहून जास्त विमानं बनली. आज अख्खी उरलीत ती डझनभराच्या आसपास. त्यातली बरीचशी भारताने वाचवलेली! युद्ध संपल्यावर कानपूरला मुद्दाम मोडतोड करून टाकून दिलेली ही विमानं. हिंदुस्तान एअरक्राफ्टच्या कारागिरांनी त्यातली चाळिसेक पुन्हा उडती केली आणि आपल्या हवाई दलाने ती 1968 पर्यंत वापरली. पुढे 1969 मध्ये एक लिबरेटर पुण्याहून पार अमेरिकेतल्या टूसॉनला उडत गेलं. तिथल्या पिमा संग्रहालयात आजही स्वयंसेवक विमानं दुरुस्त करतात, पाहुण्यांना हिंडवून माहिती देतात.

आणखी एक लिबरेटर 1984 मध्ये अमेरिकेतल्या कॉलिंग्ज फाउंडेशनने घेतलं आणि 1989 मध्ये उडवलं. त्यासाठी सुमारे 97,000 तास काम झालं. एकट्या माणसाने रोज 8 तास, वर्षाचे 300 दिवस राबायचं म्हटलं, तर चाळीस वर्षं लागली असती!

एवढे तास जातात कुठे? एका लिबरेटरमध्ये तीन लाखांहून जास्त रिव्हेट असतात. रिव्हेट बसवायला माणसं दोन लागतात: एक बाहेरून गन चालवतो, दुसरा आत अंग चोरून बसतो आणि लोखंडी ठोकळा दाबून धरतो. ॲल्युमिनियमच्या पत्र्यात साधा लोखंडी स्क्रू राहिला आणि ओल लागली, की स्क्रूभोवतीचा पत्राच खाल्ला जातो.

विमान उभं झालं तरी सुटका नाही. बंद इंजिनातलं तेल खालच्या सिलिंडरमध्ये साचतं. तसंच सुरू केलं तर आतले दांडे वाकतात. म्हणून आधी पंखा हाताने फिरवायचा, कुठे अडतोय का ते बघायचं. चार इंजिनं, म्हणजे चार वेळा. हे काम माणसं सुट्टीच्या दिवशी, बिनपगारी आणि आनंदाने करतात.