टायर फुटला म्हणून हक्क सोडू नका

ईदसाठी गावाकडे निघालेली भरलेली गाडी, तापलेला रस्ता आणि अचानक मोठा आवाज. टायर फुटतो, गाडी उलटते. मग मय्यतीच्या घरी जमलेली माणसे एकच वाक्य बोलतात, "अल्लाहची मर्जी होती." आम्हीही हे वाक्य अनेकदा बोललो आहोत. मौतीची वेळ ठरलेली आहे, हे आपण मानतोच आणि दुःखाच्या घडीला त्याचाच आधार असतो. पण त्याच वाक्याच्या आड विधवेचा आणि यतीम मुलांचा हक्क बुडत असेल, तर थांबून विचार करायला हवा.

हाच प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला होता. ऑक्टोबर २०१० मध्ये पुण्याहून मुंबईकडे निघालेल्या एका मोटारीचा मागचा टायर फुटला आणि गाडी दरीत कोसळली. ३८ वर्षांचा कमावता माणूस गेला. मागे पत्नी, सात वर्षांची मुलगी आणि म्हातारे आईवडील राहिले. न्यायाधिकरणाने २०१६ मध्ये सुमारे सव्वा कोटी रुपयांची भरपाई मंजूर केली. विमा कंपनी अपिलात गेली. टायर फुटणे ही देवाची करणी आहे, असे तिचे म्हणणे होते. फेब्रुवारी २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने ते फेटाळले. देवाची करणी म्हणजे माणसाच्या हाताबाहेरची नैसर्गिक आपत्ती. टायर मात्र अतिवेगाने, कमी किंवा जास्त हवेने, जुना झाल्याने, उष्णतेने फुटतो आणि निघण्यापूर्वी तो तपासणे हे चालक-मालकाचे काम आहे, असे न्यायालयाने सांगितले.

आपल्या दीनची शिकवण याहून वेगळी नाही. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे विचारणाऱ्याला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी आधी उंट बांधायला सांगितले आणि मग तवक्कल करायला. ही हदीस तिर्मिजीत आहे. "मय्यतीचे पैसे कसे घ्यायचे?" असा संकोचही काही घरांत असतो. पण कुरआनच्या सूरह निसामध्ये चुकून झालेल्या हत्येसाठीही मृताच्या घरच्यांना दियत देण्याचा हुकूम आहे. ही माणसाची किंमत नसून मागे राहिलेल्यांचा हक्क आहे. विम्याच्या रकमेबद्दल मनात शंका असेल तर आलिमांना जरूर विचारावे, पण दावाच न करता बसू नये.

दावा कोणावर करायचा?

पहिला मार्ग मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचा. येथे दावा गाडीचा चालक, मालक आणि विमा कंपनीवर असतो. अपघात जेथे झाला तेथे किंवा आपण राहतो तेथेही तो दाखल करता येतो. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे कोणाचीही चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी पाच लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. चूक दाखवता येत असेल तर कलम १६६ खाली उत्पन्न आणि वय पाहून पूर्ण भरपाई मागता येते. गाडीचा मालक स्वतःच चालवत असेल तर त्याच्यासाठी पॉलिसीत १५ लाखांचे वैयक्तिक अपघात संरक्षण आहे का, ते पाहावे.

दुसरा मार्ग टायरच सदोष असेल तेव्हाचा. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात 'उत्पादन दायित्व' आले. टायर बनवण्यात किंवा त्याच्या रचनेत दोष असेल, तर उत्पादकाला आणि काही बाबतींत विक्रेत्यालाही मृत्यूची किंवा दुखापतीची भरपाई द्यावी लागते. मुदत दोन वर्षांची आहे. वस्तूसाठी दिलेली रक्कम पाच लाखांच्या आत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. मात्र टायर चुकीचा वापरला असेल किंवा त्यात फेरफार केले असतील, तर कंपनी त्याकडेच बोट दाखवते.

असे दावे एका घरापुरते राहत नाहीत. अमेरिकेत फायरस्टोन कंपनीच्या टायरचा वरचा थर सुटून गाड्या उलटत होत्या. कुटुंबे न्यायालयात गेली, प्रकरण उघडकीस आले आणि २००० साली कंपनीला सुमारे ६५ लाख टायर परत मागवावे लागले.

पुरावा आधी सांभाळा

जुलै २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ जणांचा जीव गेला. टायर फुटला, असे चालकाने सांगितले होते. परिवहन विभागाच्या तपासात तसा पुरावा मिळाला नाही. म्हणजे नुसत्या सांगण्यावर काही ठरत नाही. म्हणून फुटलेला टायर भंगारात देऊ नये, त्याचे तुकडेही जपावेत. त्यावरील क्रमांकाचे फोटो काढावेत आणि खरेदीचे बिल शोधून ठेवावे. पंचनाम्यात टायरची नोंद झाली का, ते पाहावे. गाडी पोलिसांकडून सुटून आली तरी तज्ज्ञाकडून तपासणी होईपर्यंत तो टायर बदलून फेकू नये.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. न्यायाधिकरणात दावा करण्यासाठी कायद्यात सहा महिन्यांची मुदत लिहिलेली आहे. विधवेची इद्दत चार महिने दहा दिवसांची. इद्दत संपल्यावर बघू म्हटले तर हातात दोन महिनेही उरत नाहीत. म्हणून भाऊ, दीर, सासरे यांनी कागद आधीच गोळा करावेत. वकीलपत्रावर सही घरी बसूनही होते. मुदत टळली असेल तरी आशा न सोडता वकिलाला विचारावे. वकिलाची ऐपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. महिलांना आणि मुलांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो.

आणि उंट बांधण्याचे काम तर आजच करता येईल. टायरच्या बाजूला चार आकडे असतात. २३१९ म्हणजे २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. मोटारीच्या टायरची खाच १.६ मिलिमीटरपेक्षा आणि दुचाकीची ०.८ मिलिमीटरपेक्षा कमी झाली की तो टायर रस्त्यावर चालवणे नियमाविरुद्ध आहे. भाड्याची गाडी दारात आली की सामान चढवण्याआधी एकदा खाली वाकून चारही टायर पाहावेत. गुळगुळीत टायर दिसला तर दुसरी गाडी मागवावी. ड्रायव्हर कुरकुर करील, पण मुलांना घेऊन आपण सुखरूप घरी पोहोचू, इन्शाअल्लाह.