मॅनिफोल्डच्या खोऱ्यातली बार्शी लाइट

इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशायर परगण्यात हॅम्प्स आणि मॅनिफोल्ड या दोन लहान नद्या आहेत. चुनखडीच्या डोंगरातून वाहणाऱ्या या नद्या कोरड्या दिवसांत जमिनीखाली गडप होतात आणि खाली दूरवर पुन्हा वर येतात. त्यांच्या चिंचोळ्या खोऱ्यांतून २७ जून १९०४ रोजी अडीच फुटी रुळांवर एक रेल्वे धावू लागली. वॉटरहाउसेस ते ह्यूम एंड, सगळी मिळून सव्वाआठ मैल. तिचे नाव लीक अँड मॅनिफोल्ड व्हॅली लाइट रेल्वे. ती ज्याने आखली त्याचा माग काढत गेले, तर आपण थेट कुर्डुवाडीला पोहोचतो.

एव्हरार्ड कॅलथ्रॉप हा इंजिनिअर १८८२ मध्ये जीआयपी रेल्वेच्या नोकरीत हिंदुस्थानात आला. बार्शीची बाजारपेठ मोठी, पण मुख्य लोहमार्ग तिला बाजूला टाकून गेलेला. कॅलथ्रॉपने कंपनी उभी केली आणि १८९७ मध्ये कुर्डुवाडीहून बार्शी लाइट ही अरुंद रेल्वे सुरू झाली. त्याचे म्हणणे साधे होते. रूळ किती जड हवेत, हे गाडीच्या एकूण वजनावर नव्हे, तर एकेका आसावर किती भार पडतो यावर ठरते. इंजिन असो वा वाघीण, प्रत्येक आसावर पाच टनांहून जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग रूळ हलके चालतात, पूल स्वस्तात होतात, आणि डबे मात्र ऐसपैस ठेवता येतात. बार्शीचे डबे आणि वाघिणी बोटीवर चढवण्याआधी त्याने १८९६ मध्ये लीड्सजवळ न्यूले येथे रूळ टाकून त्या चालवून दाखवल्या. अरुंद रेल्वे म्हणजे खेळण्यातली गाडी, हा समज त्याने पुराव्यानिशी खोडला, आणि मला तेच त्याचे सर्वांत मोठे काम वाटते.

१८९६ मध्येच इंग्लंडमध्ये लाइट रेल्वेचा कायदा झाला. खेड्यापाड्यांतल्या स्वस्त मार्गांना परवानगी सोपी झाली, सरकारी मदतीचीही सोय झाली. मॅनिफोल्डच्या खोऱ्यात दूध भरपूर होते, पण ते बाहेर न्यायला धड वाट नव्हती. काम कॅलथ्रॉपकडे आले आणि त्याने बार्शीचाच नमुना तिथे उतरवला. लीड्सच्या किटसन कारखान्याची दोन इंजिने, त्यांतल्या एकावर त्याचेच नाव. पुढे भलामोठा दिवा, दोन्ही टोकांना सज्जा असलेले फिकट पिवळे डबे. स्टॅफर्डशायरच्या हिरवळीत ही गाडी दख्खनच्या माळावरून आल्यासारखी दिसत असणार.

एका बाबतीत मात्र ती बार्शीच्या पुढे गेली. अरुंद रेल्वेचे जुने दुखणे म्हणजे मालाची उतारचढ. जिथे रुळांचे माप बदलते तिथे एकूण एक पोते हमालांच्या पाठीवरून एका वाघिणीतून दुसरीत जाते. वेळ जातो, पैसा जातो, नासधूस होते. कॅलथ्रॉपने ठेंगण्या बांधणीची वाहक वाघीण तयार केली. मोठ्या मापाची वाघीण भरल्या मालासकट तिच्यावर चढवायची आणि अरुंद रुळांवरून खोऱ्यात न्यायची. ब्रिटनमध्ये अशा वाघिणी पहिल्यांदा इथेच धावल्या. वाटेवरच्या एक्टनच्या दूध केंद्रातले दूध मधे कुठेही न ओतता लंडनकडे रवाना होऊ लागले.

इतकी चोख आखणी असूनही रेल्वे टिकली नाही. कारण भूगोलात होते. रूळ नदीकाठाने आणि ग्रिंडन, बटरटन, वेटन ही गावे वर डोंगरमाथ्यावर. स्टेशनावर उतरल्यावर चांगलीच चढण चढावी लागे. सुट्टीच्या दिवशी थॉर्स केव्ह ही अजस्र गुहा बघायला कारखान्यांच्या गावांतून झुंबड उडे, पण एरवी डबे रिकामे. एक्टनच्या तांब्याच्या खाणींचे वैभव रेल्वे येण्याआधीच ओसरले होते. उरले दूध; मोटारलॉऱ्या गोठ्याच्या दारात येऊ लागल्यावर तेही गेले. मार्च १९३४ मध्ये शेवटची गाडी धावली. पुढे दोन्ही इंजिने भंगारात निघाली. त्यांतले एक तरी राखायला हवे होते, असे वाटल्यावाचून राहत नाही.

बार्शी लाइट मात्र तेव्हा भरात होती. १९११ मध्ये ती लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोहोचली होती, लांबी दोनशे मैलांवर गेली होती. तिच्याकडे बाजारपेठा होत्या आणि पंढरपूरचे वारकरी होते. एकाच माणसाचा एकच विचार. एका ठिकाणी तीस वर्षे चालला, दुसऱ्या ठिकाणी शतकाहून अधिक. आपल्याकडचे रूळ एकविसाव्या शतकात ब्रॉडगेज झाले.

मॅनिफोल्डचा मार्ग परगण्याच्या कौन्सिलने ताब्यात घेऊन १९३७ मध्ये पायवाट म्हणून खुला केला. आज त्यावर लोक चालतात, सायकली चालवतात. स्वेन्सलीच्या बोगद्यातून मोटारीही जातात. हा बोगदा खोदला तो जवळच्या हवेलीतल्या सर टॉमस वॉर्डल यांना खिडकीतून गाडी दिसू नये म्हणून, असे सांगतात. हे वॉर्डल लीकचे रेशीम रंगवणारे कारखानदार. हिंदुस्थानी टसरवर रंग चढवण्यात त्यांनी उभी हयात घालवली. इंग्लंडात राहणाऱ्या किंवा तिकडे जाणाऱ्या सोलापूर-लातूरकडच्या माणसाने एक दिवस काढून ही वाट चालावी. ह्यूम एंडला स्टेशनची इमारत अजून उभी आहे, सुरुवात तिथूनच करावी.