गुरुजींनी दाखवलेला आलेख

मुलांनो, गुरुजींनी वर्गात दाखवलेली गोष्ट आपल्या किती दिवस लक्षात राहते? परीक्षा झाली की विसरलो! पण एका विद्यार्थ्याने ती पन्नास वर्षांहून जास्त काळ धरून ठेवली. त्यांचे नाव अल गोर.

गोर अमेरिकेचे. जन्म १९४८ चा. लहानपणी सुट्टीत ते टेनेसी राज्यातल्या घरच्या शेतावर काम करत. पुढे हार्वर्ड विद्यापीठात शिकताना रॉजर रेव्हेल या प्राध्यापकांनी वर्गात एक आलेख दाखवला. हवाई बेटावरच्या मौना लोआ डोंगरावर चार्ल्स कीलिंग हे शास्त्रज्ञ १९५८ पासून हवेतला कार्बन डायऑक्साइड मोजत होते. तेव्हा हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे ३१५ भाग होता. पृथ्वीच्या उत्तर भागात झाडे पालवली की ती हा वायू घेतात आणि आलेखाची रेघ खाली येते. पाने गळून कुजली की रेघ पुन्हा वर. पण दर साली ती आदल्या सालापेक्षा थोडी वरच!

हा वायू वाढतो कशाने? कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेला कोळसा नि तेल आपण जाळतो त्याने. मग वाढला तर बिघडले कुठे? थंडीत एक घोंगडी बरी वाटते. चार अंगावर टाकल्या तर? जीव घाबरा होईल! हा वायू म्हणजे पृथ्वीची घोंगडीच. ती मुळीच नसती तर पृथ्वी गारठली असती. पण जाड झाली की उष्णता बाहेर जात नाही. मग पावसाचे तंत्र बिघडते. कुठे पूर, तर कुठे दुष्काळ.

गोर पुढे खासदार झाले. १९८१ साली संसदेच्या समितीपुढे त्यांनी आपल्याच गुरुजींना साक्षीला बोलावले. फारसे कोणी मनावर घेतले नाही. १९९३ ते २००१ ते अमेरिकेचे उपराष्ट्राध्यक्ष होते. २००० साली राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक मात्र हरले. दुसरा कोणी घरी बसला असता. हे चित्रे नि आलेख घेऊन गावोगाव व्याख्याने देत फिरले! २००६ साली त्यावर चित्रपट निघाला. पुढच्या काळात रेघ किती वर जाईल हे दाखवायला त्यांचा हात पुरेना, तेव्हा ते वर उचलणाऱ्या यंत्रावर चढले. २००७ साली त्यांना शांततेचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यात अर्धा वाटा हवामान-बदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाचा होता. त्याचे अध्यक्ष तेव्हा आपले राजेंद्र पचौरी होते.

२०२४ साली तो आकडा ४२४ च्या वर गेला. मग गोरांची मेहनत फुकट गेली म्हणायची का? नाही. १९८१ साली थोड्यांनाच ठाऊक असलेली गोष्ट आज तुम्ही शाळेच्या भिंतीवर वाचता आहात. पंचाहत्तरी ओलांडली तरी गोर सांगतच आहेत, आणि सांगणारी नवी माणसे तयार करत आहेत.

शेजारी हा आलेख काढून लावला आहे. मधल्या सुट्टीत बघा. आणि घरी गेल्यावर एकाला तरी समजावून सांगा!