जुना वस्तरा आणि त्याचा निसणा

लखनौ शहरातील नख्खास भागात दर रविवारी जुन्या वस्तूंचा बाजार भरतो. अशा बाजारात कुलपे, घड्याळे व हत्यारे यांच्या ढिगात एखादा घडीचा वस्तरा किंवा एखादा गुळगुळीत दगड हाती लागण्याचा संभव असतो. पूर्वी न्हाव्याच्या धोकटीत या दोहोंची जोडी असे. दगडास निसणा म्हणत. त्यावर वस्तरा पाजळून मग तो चामड्याच्या पट्ट्यावर, म्हणजे चामाटीवर, फिरवीत. या वस्तू शोधणाऱ्याची नजर बहुधा प्रथम चकाकीवर जाते. परंतु दिसते तसे नसते. जुन्या वस्तऱ्याची चकाकी ही पुष्कळदा त्याच्या नाशाची खूण असते. हे कसे, ते समजण्यासाठी त्याची घडण पाहू.

वस्तऱ्याचे पाते पाचरीसारखे असते. पाठ ५ मिलिमीटर जाड व पाते १८ मिलिमीटर रुंद असल्यास धारेचा कोन सुमारे १६ अंशांचा होतो. पाजळताना पाते आडवे ठेवून पाठ व धार दोन्ही एकदम दगडास टेकवतात. त्यामुळे हा कोन हाताच्या अंदाजावर अवलंबून राहत नाही. पाठच तो राखते. वर्षानुवर्षांच्या वापराने पाते अरुंद होते, तशी पाठही झिजते आणि कोन फारसा बदलत नाही. म्हणून पाठ दोन्ही टोकांस सारखी झिजली आहे ना, हे प्रथम पाहावे.

वस्तऱ्याच्या पोलादात सुमारे १ टक्का कर्ब असतो. ते लालबुंद तापवून एकदम थंड केले की अतिशय कठीण होते, पण ठिसूळही होते. हा ठिसूळपणा कमी करण्यासाठी ते पुन्हा सुमारे २०० अंश सेल्सिअसपर्यंत तापवतात. या दोन क्रियांवरच धारेचा टिकाऊपणा अवलंबून असतो. आता विक्रेत्याने गंज काढण्यासाठी तेच पाते फिरत्या सहाणेवर धरले, तर धारेजवळच्या पातळ भागात उष्णता क्षणात साठते. २२० अंशांच्या आसपास पोलादावर फिकट पिवळी झाक येते, ३०० अंशांच्या सुमारास निळी. ही झाक घासून काढता येते, पण गेलेली कठिणता परत येत नाही. म्हणून काळसर डाग असलेले, कोणी न घासलेले पाते चकचकीत पात्यापेक्षा अधिक भरवशाचे समजावे. मात्र गंजाचे खड्डे किंवा चीर ऐन धारेशी असल्यास ते पाते सोडून द्यावे.

पात्यावरील अक्षरेही पारखून घ्यावीत. इंग्लंडमधील शेफील्ड व जर्मनीतील झोलिंगेन ही वस्तऱ्यांची नामांकित गावे. पुष्कळ पात्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ असे कोरलेले आढळते. मायकेल फॅरडे आणि हत्यारांचे कारागीर जेम्स स्टोडार्ट यांनी भारतीय ‘वुट्झ’ पोलादाचा अभ्यास करून १८२० साली पोलादाच्या मिश्रधातूंवरील आपले प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांच्या मिश्रणात चांदी होती ती पाचशे भागांत एक भाग. पुढे हे नाव बाजारात रूढ झाले. ते वाचून रुप्याची किंमत मात्र कोणी देऊ नये.

दगडाची परीक्षा त्याहून अवघड आहे. लखनौच्या आग्नेयेस चुनार व मिर्झापूर येथे विंध्य पर्वतातील वालुकाश्म विपुल आहे. वाळूचा कण लहानात लहान धरला तरी मिलिमीटरचा सोळावा भाग, म्हणजे सुमारे ६२ मायक्रॉन असतो. ही साधारण केसाची जाडी होय. उत्तम वस्तऱ्याची धार एका मायक्रॉनहूनही बारीक असते. तेव्हा विळ्याकोयत्यास जो दगड उपयोगी, तो वस्तऱ्यास घातक. बेल्जियममधील व्हिएलसाल्म परिसरातील ‘कोटिक्यूल’ नावाच्या पिवळसर दगडात तामड्याचे ५ ते १५ मायक्रॉनचे स्फटिक अभ्रकाच्या सूक्ष्म कणांत रुतलेले असतात. स्फटिक धारेपेक्षा मोठे असूनही तो धार बिघडवत नाही, कारण ते बारा पैलूंचे, जवळजवळ वाटोळे असतात आणि त्यांचे ओरखडे अगदी उथळ पडतात. अर्थात कणांच्या आकारमानाइतकेच त्यांच्या ठेवणीलाही महत्त्व आहे.

अनोळखी दगड भिजवून त्यावरून नख फिरवावे. खरखर लागल्यास तो नाकारावा. नंतर भिंगाने शिरा व सुटे जाड कण पाहावेत, कारण असा एकच कण सारी धार दातेरी करतो. दगड सपाट करावयाचा तर पाणी घालूनच करावा. गारगोटीयुक्त दगडाची कोरडी धूळ फुप्फुसांत जाऊन सिलिकोसिस हा असाध्य विकार जडू शकतो.

आणखी दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. मूठ हस्तिदंताची असेल तर वस्तरा घेऊ नये. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९८६ व १९९१ च्या दुरुस्त्यांनी हस्तिदंताच्या व्यापारास बंदी आहे. तसेच एकाचा वस्तरा दुसऱ्याने वापरू नये. यकृतदाहाचा ‘ब’ प्रकारचा विषाणू वाळलेल्या रक्तातही निदान सात दिवस टिकतो. दर गिऱ्हाइकास नवे पाते लावण्याची पद्धत आली ती आरोग्यास हितकारकच ठरली.

पण त्या पद्धतीमुळे निसणा निरुपयोगी झाला. वस्तऱ्यावर निदान गावाचे नाव असते; दगडावर काहीच नसते. त्याचा गुण ठाऊक असतो तो वापरणाऱ्याच्या हाताला, आणि तो हात गेला की दगड रस्त्यावरच्या दगडांत मिसळतो. म्हणून जुन्या न्हाव्याच्या घरी अशी जोडी आढळली तर ती फोडू नये. दगड कोठून आणला, त्यावर पाणी घालीत की तेल, हे विचारून लिहून ठेवावे. ही चिठ्ठी वस्तऱ्याइतकीच जपण्याजोगी आहे.