लाकूड हलतं, लेपही हलता हवा

२१ मे २०२५ रोजी कारवारच्या तळावर ‘कौंडिण्य’ हे शिडाचं जहाज नौदलात दाखल झालं. अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून ते गोव्यात बांधलं. बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली केरळच्या कारागिरांनी त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीनं शिवल्या आणि सांधे नारळाचा काथ्या, राळ व माशाचं तेल यांनी बुजवले. कौतुक झालं ते शिवणीचं. तेलाचं मोल मला तितकंच वाटतं.

लाकूड ओलाव्यानं फुगतं, वाळलं की आकसतं. रेषांच्या आडव्या अंगानं पुष्कळ, लांबीत जवळपास नाहीच. वर कडक रंग असेल तर त्याला तडे जातात. तड्यातून शिरलेल्या पाण्याला परत बाहेर पडायला वाट राहत नाही. लाकडात वीस टक्क्यांवर ओल टिकली की कुजवणारी बुरशी रुजू शकते. तेल मात्र फळीत मुरतं, तिच्याबरोबर हलतं आणि दरवर्षी पुन्हा लावता येतं.

कोकणात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. होड्या वर ओढून झावळ्यांनी शाकारतात आणि दर्यावर परतण्याआधी डागडुजी, तेलपाणी, रंगकाम उरकतात. पण आधी लाकूड वाळायला हवं. ओलसर लाकडावर घाईनं चढवलेला लेप ओल आतच कोंडतो, मग तो कितीही महाग असो.

पाण्याइतकंच वैर उन्हाचं. लाकडाचे तंतू बांधून ठेवणारं लिग्निन अतिनील किरणांनी तुटतं. पारदर्शक वार्निश वरून धड दिसतं, पण ऊन त्यातून आरपार जातं, खालचा थर भुसभुशीत होतो आणि वार्निशचे पापुद्रे निघतात. म्हणून बोटीच्या वार्निशमध्ये तेलाचं प्रमाण जास्त असतं आणि अतिनील किरण शोषणारं द्रव्य घातलेलं असतं. इपॉक्सीला तर ऊन मुळीच सोसत नाही. तिच्यावर वार्निश किंवा रंग हवाच. किनाऱ्यापासून दूर, झाशीच्या सिव्हिल लाइन्समध्ये खारा वारा नाही, पण मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या आसपास जातो. तिथल्या उघड्या व्हरांड्यातल्या दारालाही घरातल्या कपाटाचं पॉलिश पुरणार नाही.

कामाला हात घालताना आधी फळीचं कापलेलं टोक बघा. तिथे लाकडाच्या नळ्यांची तोंडं उघडी असतात. पाण्याचा थेंब टेकवला की बघता बघता आत जातो. कूज बहुधा इथूनच सुरू होते. वार्निशचा पहिला हात निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ द्यायचा, टोक पीत राहील तोवर पाजायचा. पुढचे हात दाट, आणि दोन हातांच्या मध्ये बारीक पॉलिश पेपर. वार्निशचे सहा-सात हात बसले की पुढे दरवर्षी एक-दोन पुरतात, फक्त पापुद्रा सुटायच्या आत द्यायला हवेत.

जवसाचं तेल वापरणार असाल तर चिंध्या जपा. हे तेल हवेतला प्राणवायू घेत सुकतं आणि सुकताना तापतं. बोळा करून टाकलेली चिंधी आपोआप पेट घेऊ शकते. काम संपलं की ती बाहेर मोकळी पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवून ठेवा.